टाळेबंदीतले परसू : डिचोलीजवळच्या एका घराचे प्रकरण

२०२० साली गुढीपाडवा बुधवारी आला, २५ मार्चला. गोव्यातल्या डिचोलीचा आठवड्याचा बाजारही बुधवारचाच. एरवी पाडव्याच्या सुमाराला गावठी भाजी, मिरचीची रोपे आणि बियांच्या पुड्या घेऊन बसलेल्या बायकांमुळे बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी बाजार ओस होता. देशभराच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. गोव्यात २२ तारखेच्या जनता कर्फ्यूपासूनच सारे बंद होते आणि सुरुवातीचे काही दिवस किराणासुद्धा मिळेना. घाटावरची भाजी अडखळत येत होती. साहजिकच घराघरांतून परसाकडे लक्ष गेले.

हे प्रकरण डिचोली शहरालगतच्या एका वाड्यावरचे. घरात तीन माणसे: ६८ वर्षांचे निवृत्त शिक्षक असलेले आजोबा, आजी आणि घरून काम करणारी सून. मुलगा जहाजावर, तिकडेच अडकलेला. परसू सुमारे २५० चौरस मीटरचे, माती जांभ्याची. त्यात १२ उंच सुपाऱ्या, ६ केळी, एक मानकुराद आंबा, भेंडी-वांग्यांच्या चार ओळी, तांबड्या भाजीचे वाफे, अबोली आणि गच्चीवर ३५ कुंड्या. पाणी विहिरीचे.

टाळेबंदी पडली ती नेमकी पुरुमेंताच्या दिवसांत. गोव्यातली घरे एप्रिल-मेमध्ये मिरच्या, सोलां (आमसुले), सुके मासे भरून ठेवतात, तसेच परसालाही पावसाआधी बरेच काही भरून ठेवावे लागते. पावसाळी मिरचीचे बी, हळदीचे गड्डे, सुपारीच्या फवारणीचे मोरचूद आणि चुना, कुंड्यांची माती, आणि झाडावर चढणारा पाडेली. जून लागला की पाऊस कोणासाठी थांबत नाही. म्हणून अडचण पैशाची किंवा पाण्याची नव्हती. एक-एक बारीकसारीक फेरी अडली होती, आणि तिला तारीख बांधलेली होती.

पंपाने पाणी सोडले

६ एप्रिलला सकाळी मोटर फिरली, पण टाकीत थेंब पडेना. अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक मोटर, ३२ एमएमचा पीव्हीसी सक्शन पाइप, खाली पाणी परत विहिरीत जाऊ न देणारा फुटव्हॉल्व्ह (दुकानात याला सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात). अशा वेळी पहिला संशय मोटरवर जातो. तो बहुधा चुकीचा असतो, आणि तेवढ्यात पंप कोरडा फिरवून त्याचे सील जाळून घेण्याची वेळ येते. एका मिनिटात पाणी आले नाही तर बटण बंद करायचे, हे आधी.

मग पाण्याची परीक्षा. ३२ एमएम पाइपाचा आतला व्यास धरावा २८ एमएम. ७ मीटर लांबीत सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी मावते, पंपाच्या पोटात आणखी अर्धा लिटर. म्हणजे प्रायमिंगच्या (पंप पाण्याने भरून घेण्याच्या) तोंडातून पाच लिटर ओतल्यावर पाणी काठोकाठ यायला हवे. या घरी दहा लिटर ओतूनही तोंडाशी पाणी दिसेना. ओतलेले सगळे खालून विहिरीत चालले होते, दोष फुटव्हॉल्व्हचा. पाणी तोंडापर्यंत येऊन टिकले असते आणि मोटर लावल्यावर बुडबुडे आले असते, तर दोष एखाद्या सांध्यातून हवा ओढली जाण्याचा. त्याला टेफ्लॉन टेप पुरते.

पाइप वर ओढून जाळी उघडली तेव्हा आतल्या पडद्याची कड दगडासारखी झालेली होती आणि बसणीवर जांभ्याचा एक खडा अडकला होता. खडा काढून भागले नाही, कारण कडक कड पुन्हा नीट बसत नाही. मग जुन्या स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा कामी आला. जुना पडदा कागदावर ठेवून आकार काढला, कात्रीने कापला आणि बसवला. पाणी आले, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ट्यूबचे रबर दीड-दोन एमएमचे. वरच्या सात मीटर पाण्याचा भार आला की ते मधोमध खचते आणि भोकात दुमडते. दुसऱ्या वेळी दोन थर सायकलच्या सोल्युशनने चिकटवले आणि मध्ये पातळ वायसर दिला. तो पडदा २१ एप्रिलपर्यंत, नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत, तग धरून होता. दोन थर चिकटवल्यावर किमान सहा तास वजनाखाली ठेवायचे. घाई केली तर पाण्यात थर सुटतात.

पंप बंद होता त्या दिवसांचा हिशेब असा: ठिबकचे ४० ड्रिपर, ताशी ४ लिटरचे, एक तास म्हणजे १६० लिटर. कुंड्यांना दीड-दीड लिटर, म्हणजे ५२. बारा चौरस मीटरच्या वाफ्यांना ६०. एकूण पावणेतीनशे लिटरच्या आत-बाहेर. ११ लिटरची कळशी धरली तर रहाटाने २५ कळश्या, आणि ओढायला दोन साठीच्या पुढची माणसे. एवढे जमणारे नव्हते, म्हणून गरजच कमी केली. कुंड्या गच्चीवरून उतरवून आंब्याच्या सावलीत एकमेकींना खेटून मांडल्या; पाणी कुंडीमागे लिटरभरावर आले. भेंडी-वांग्यांच्या बुडाशी नारळाची सोडणे, आतली बाजू खाली करून. वाफ्यांवर दुपारी चार काठ्यांवर चुडते (झावळ्या). न्हाणीचे पाणी एरवी केळींना जात होते, ते पाइप लावून सुपारीच्या आळ्यांकडे वळवले. सुपारीची दर चौथ्या दिवसाची पाळी एकदा चुकली. सोडणे असल्यामुळे पाने पिवळी पडली नाहीत.

सव्वा इंच

आता नवा फुटव्हॉल्व्ह. केंद्राच्या आदेशात २७ मार्चलाच शेतीची कामे आणि बी-खतांना सूट मिळाली होती, आणि ३ एप्रिलला शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांनाही. डिचोलीतले हार्डवेअरचे दुकान अर्धे शटर उघडून फोनवर ऑर्डर घेत होते. आजोबांनी शिलाईच्या टेपने पाइपाचा घेर मोजला: दहा सेंटीमीटर. ३.१४ ने भागून व्यास ३२ एमएम, म्हणजे सव्वा इंच. गणित अचूक होते.

‘‘सर, पाइप किती इंची?’’

‘‘सव्वा इंची.’’

१३ एप्रिलला सून स्कूटरवर जाऊन सव्वा इंची फुटव्हॉल्व्ह घेऊन आली आणि तो पाइपाला सैल बसला. ही चूक इतकी घरोघरची आहे की नीट सांगायला हवी. पीव्हीसी पाइपावरचा आकडा बाहेरच्या व्यासाचा, एमएममध्ये. फिटिंगचा इंचातला आकडा मात्र नावाचा, आतल्या मार्गाशी जुळणारा. २५ एमएमच्या पाइपाला पाऊण इंची, ३२ ला एक इंची, ४० ला सव्वा इंची फिटिंग लागते. टेप लावून इंच काढले की हटकून एक नंबर मोठे फिटिंग येते. फोनवर इंच सांगूच नयेत. पाइपावर छापलेला आकडा वाचून दाखवावा, आणि जमले तर जुन्या भागाचा पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवावा.

दुकानदार वापरलेला नसला तरी भाग परत घेईना. त्या दिवसांत हाताळलेला माल परत घेणे कोणालाच नको होते. पण खरे तर इथे नुकसान फारसे झाले नव्हते. सक्शनला फुटव्हॉल्व्ह एक नंबर मोठा असेल तर बिघडत नाही. उलट त्यातून पाणी सुलभ ओढले जाते. फक्त मध्ये सव्वा इंच बाय एक इंचाचा रिड्यूसर बुश हवा. तो २० एप्रिलच्या फेरीत आला. त्याच दिवसापासून प्लंबर-इलेक्ट्रिशियनना कामाची मुभा मिळाली होती, पण प्लंबरने व्हिडिओ कॉलवर पाहून सांगितले, ‘‘आजी, टेप थ्रेडच्या दिशेने आठ-दहा वेढे द्या, उलट गुंडाळली तर फिरवताना उकलते.’’ जोडणी घरीच झाली. पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा घट्ट खरवसासारखा झाला होता, तो वापरला नाही हे बरे झाले. पातळ करून लावलेले सोल्युशन सक्शनच्या सांध्याला धरत नाही. सगळे थ्रेडवर ठेवले.

व्हॉल्व्ह पुन्हा सोडताना दोन मापे पाहायची. तळापासून निदान ३० सेंटीमीटर वर, म्हणजे गाळ ओढला जाणार नाही. पाण्याच्या पातळीखाली तितकाच, म्हणजे भोवरा होऊन हवा जाणार नाही. विहिरीतली पातळी दोरीला दगड बांधून दर रविवारी मोजली. पंपाच्या पायथ्यापासून ६ एप्रिलला ५.१ मीटर, मेच्या मध्याला ५.९. असा छोटा पंप सहा-साडेसहा मीटरच्या पुढे ओढत नाही, म्हणून मेमध्ये सलग तासाऐवजी सकाळी २० आणि संध्याकाळी २० मिनिटे. मधल्या वेळात विहीर भरून येते.

स्वयंपाकघरातले बी

बाजार बंद, तेव्हा बी डब्यांतून शोधले. अळसांदे (गावठी चवळी) सर्वांत खात्रीचे. गोव्यात ते भाताच्या कापणीनंतर लावतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, म्हणजे एप्रिलमध्ये घरात असलेले बी ताजे. पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकावेत. ते बहुतेक किडीने पोखरलेले असतात. धणे अख्खे पेरू नयेत, लाटण्याने हलके रगडून दोन फोडी कराव्यात आणि बारा तास भिजवावेत. तांबड्या भाजीची वाफ्यातली तीन जोमदार रोपे न कापता तुऱ्यावर सोडली. पुढच्या वर्षाचे बी तेवढ्यात होते.

मिरचीचा प्रश्न वेगळा. घरात खोल्याची सुकी मिरची होती (काणकोणातली ही मिरची २०१९ साली भौगोलिक मानांकनात आली). मिरची वाळवताना फार तापली किंवा वर्षाहून जुनी असली तर बी मरते. म्हणून आधी चाचणी: ३० बिया ओल्या सुती कापडात, वाटीत झाकून, कापड रोज ओले करत. अकराव्या दिवसापर्यंत १२ रुजल्या, म्हणजे ४० टक्के. हा आकडा वाईट नाही, पण त्याप्रमाणे पेरले पाहिजे. ४० रोपे हवीत तर १०० बिया, वर चौथा हिस्सा तुटीचा, म्हणजे सव्वाशे-एकशेतीस. दोन-तीन मिरच्यांत एवढ्या निघतात. सिमला मिरची किंवा संकरित टोमॅटोचे बी काढून लावण्याचा मोह आवरावा. रोप येते, फळ मात्र आईसारखे येत नाही.

आणि इथेच या घराने खरी चूक केली. चाचणी लागली म्हणून १४ एप्रिललाच मिरची पेरली. पावसाळी मिरचीचे रोप ३५ ते ४० दिवसांचे असताना, पहिल्या पावसाच्या ओलीत लावायचे. म्हणजे पेरणी मेच्या पहिल्या आठवड्यात. एप्रिलमध्ये पेरलेले रोप जूनपर्यंत ट्रेमध्ये लांबुळके होते. पण तशी वेळ आलीच नाही. रोपे दोन पानांवर असतानाच बुडाशी बारीक होऊन एकेक आडवी झाली. आठवड्यात ट्रे रिकामा.

कोलमडण्याची कारणे तीन होती आणि तिन्ही घरातली. ट्रेमध्ये घरचे खत टाकले होते, जे दोन आठवड्यांचे, अर्धे कच्चे होते. बी दाट पडले होते. आणि पाणी दिवसातून चार वेळा. सकाळी आजोबांनी, दुपारी आजींनी, सुनेने मीटिंग संपल्यावर, आणि रात्री पुन्हा आजोबांनी. कोणाचेच चुकत नव्हते. घरात माणसे होती, वेळ होता आणि झारी हाताशी होती. टाळेबंदीतल्या बागांत सामान कमी पडल्यामुळे जितकी रोपे गेली, त्याहून जास्त या फावल्या वेळाने नेली असावीत. त्याच आठवड्यात शेवंतीची दोनदा कुंडी बदलली गेली आणि अबोलीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसताच कपड्याच्या पावडरीचे पाणी फवारले गेले, भर अकराच्या उन्हात. पाने कडेने करपली. भांड्यांचा द्रव साबण लिटरला ५ मिलि, संध्याकाळी, आधी एका फांदीवर पाहून, आणि दुसऱ्या सकाळी साध्या पाण्याने धुऊन, एवढे पुरले असते. दारातला ब्लीचिंगचा पोछा पिळलेले पाणी अबोलीच्या वाफ्यात ओतले जात होते हेही नंतर कळले.

दुसरी पेरणी ६ मेला. माती दोन भाग, वाळू एक, जुने शेणखत एक, चाळून. ते मिश्रण आधी पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात ओलसर ठेवले होते. १३० बिया, दोन बोटांच्या अंतराने ओळींत. पाणी फक्त सकाळी, आणि झारी एकाच्याच ताब्यात: आजींच्या. भिंतीवर खिळ्याला झारी आणि कॅलेंडरवर फुली. फुली असेल तर कोणी पाणी घालायचे नाही. ५२ उगवल्या, लावण्याजोगी ४३ झाली.

फेऱ्या

आजोबा बाहेर पडत नव्हते. १ मेच्या आदेशात तर ६५ वर्षांवरच्यांनी घरीच राहावे असे स्पष्टच आले. त्याच दिवसापासून गोव्याचे तेव्हाचे दोन्ही जिल्हे ग्रीन झोनमध्ये होते, तरी फेरी सुनेचीच आणि आठ-दहा दिवसांत एक. स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद लावला होता. त्यात आठवले तसे लिहायचे, पण प्रत्येक वस्तूपुढे ‘केव्हापर्यंत’ हा रकाना. त्या रकान्यानेच यादी निम्मी झाली. कुंड्या, रंगीत दगड, नवी झारी यांना तारीख नव्हती. मोरचुदाला होती, २५ मे. हळदीच्या गड्ड्यांना, मेअखेर.

नाक्यावर अडवले तर तोंडी समजावण्यापेक्षा बियांचे रिकामे पाकीट, खताच्या दुकानाची जुनी पावती किंवा पिशवीतला तुटका भाग दाखवणे लवकर पटते. सुटे पैसे मोजून न्यावेत. आणलेले प्लास्टिकचे भाग साबणाने धुतले तर चालते. बियांच्या पाकिटांवर मात्र सॅनिटायझर फवारू नये, उन्हात तर मुळीच ठेवू नये. एक दिवस सावलीत बाजूला ठेवली की झाले. ओल लागलेले बी पावसाळ्यापर्यंत कुजते.

शेण वाड्यावरच्याच गवळ्याकडून, दुधाबरोबर. देवाणघेवाण गडग्यावरून (दगडी कुंपणावरून): इकडून तांबड्या भाजीच्या जुड्या आणि मानकुराद ठेवायचे, पलीकडून हळदीचे गड्डे आणि सुरणाचे डोळे यायचे. २६ एप्रिलला अक्षय तृतीयेच्या दिवशी सुरण लावून झाला, बाजाराचे तोंड न पाहता.

ओल्या कचऱ्याचे खत ३० मार्चला रंगाच्या २० लिटरच्या दोन बादल्यांत सुरू केले होते. बुडाशी आणि बाजूंनी भोके, एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुका पाला. पहिली बादली घाणली, कारण आमरसाच्या दिवसांत सालींचा चिखल झाला आणि पाला घालायचा राहिला. मेअखेर दुसरी तयार. न्हाणीच्या चुलीची राख जांभ्याच्या आंबट मातीला चांगली, चौरस मीटरला दोन मुठी. पण ताज्या शेणात ती मिसळू नये, शेणातला नत्र वास होऊन उडून जातो.

पाऊस यायच्या आत सुपारी

कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर झाली नाही तर जुलैत घोसच्या घोस गळतात. बारा झाडांना, झाडामागे अडीच लिटर, म्हणजे ३० लिटर मिश्रण. एक टक्क्याच्या हिशेबाने मोरचूद ३०० ग्रॅम, चुना ३०० ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत, १५-१५ लिटर पाण्यात. मोरचूद रात्री कापडात बांधून पाण्यात टांगले तर सकाळपर्यंत विरघळते. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या दुधासारख्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचे. लोखंडी बादली नको. घासलेल्या सुरीचे पाते मिनिटभर बुडवायचे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा आणखी घालायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, उरलेले दुसऱ्या दिवशी निकामी.

अडले होते ते पाडेलीपाशी. नेहमीचा पाडेली एप्रिलभर फोनवर ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहिला. अखेर तीन घरांनी मिळून एकच दिवस ठरवला, कारण एका घरासाठी त्याचा फेरा परवडत नव्हता. ३० मेला तो आला, तिन्ही परसांतले नारळ उतरवले, सुपाऱ्या फवारल्या आणि वाळलेली चुडतेही पाडली. मिश्रण प्रत्येक घराने आपापले तयार ठेवले होते. पंप त्याचा, मास्क त्याचा, पैसे गडग्यावर.

मिरचीची ४३ रोपे १४ जूनला वरंब्यांवर लागली, ६० बाय ४५ सेंटीमीटरवर. सपाट जागेत लावली असती तर गोव्याच्या तीन हजार मिलिमीटरच्या पावसात मुळे कुजली असती. पहिल्या पंधरवड्यात पाच गेली, तीन गोगलगायींनी आणि दोन वरंबा खचून. सुपारीची दुसरी फवारणी जुलैच्या मध्याला धरली होती. त्यासाठी मोरचूद त्याच मेच्या फेरीत दुप्पट आणून, कोरड्या बरणीत, लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवलेले होते.